जिजाबाईच्या हाताची चव

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या वॉर्डात जिजाबाई उकेच्या हाताला चव आहे, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. विहारात कार्यक्रम असला की बेसनाच्या पातवडीचा रस्सा तिच्या घरून यायचा. कुणाकडे बाळंतीण असली की डिंकाचे लाडू यायचे. बुद्ध पौर्णिमेची चिन्नोरच्या तांदळाची खीर तर वीस वर्षांपासून उकेंचीच. त्यात बाई नोकरीवाली. सकाळची बस धरून परसवाड्याकडे जायची, तिथल्या एका उपस्वास्थ्य केंद्रात दिवसभर लसी टोचायची, गरोदर बायांची वजनं घ्यायची आणि दिवेलागणीला परत यायची. एवढं करून घरात असा सैपाक! वॉर्डातल्या सासवा आपल्या सुनांना तिच्याकडे बोट दाखवत.

खरी गोष्ट अशी होती, की छप्पन्न वर्षांच्या जिजाबाईने आयुष्यात एकदाही धड वरण-भात शिजवला नव्हता. सैपाक तिचा नवरा करायचा.

खेमराज चार भावांतला थोरला. बहीण नाही, आईला दमा. त्यामुळे दहाव्या वर्षापासून चूल त्याच्या गळ्यात पडली, आणि पुढे त्याला तीच आवडायला लागली. जिजाची आई ती पाच वर्षांची असताना गेली. बापाने तिला वसतिगृहात ठेवलं, तिथून नर्सिंगच्या ट्रेनिंगला. ताटात वाढलेलं खायचं, एवढंच तिला अन्नाबद्दल माहीत. लग्नाच्या आठवड्यात तिने केलेल्या पोळ्या पाहून खेमराज हसला, तिच्या हातातून लाटणं घेतलं आणि म्हणाला, "राहू दे. तू तुयी ड्यूटी पाह्य."

मग पोळी लाटता लाटता म्हणाला, "पन कोनाले सांगू नको व. मिलमधले लोक मले जगू देनार नाई."

तो राईस मिलमध्ये मशीनवर होता. तिथले गडी कुणाची कशावरून चेष्टा करतील याचा नेम नव्हता. जिजाने मान डोलावली. तेव्हापासून उकेंच्या सैपाकघराचं दार लोटलेलं असायचं. कुणी विचारलं तर मांजर येते म्हणायचं. पोरं मोठी झाली ती हे गुपित अंगवळणी पाडूनच.

पहिली काही वर्षं कुणी भाजीची तारीफ केली की जिजाबाई नुसती हसायची. पुढे बायका खोदून विचारायला लागल्या, तेव्हा ती खेमराजच्या तोंडून ऐकलेलं सांगू लागली. बेसन घाटताना हात थांबू द्यायचा नाही, खोबरं मंद आचेवर भाजायचं, खिरीत साखर शेवटी. सांगता सांगता तिची जीभ इतकी सरावली, की कधी कधी तिला स्वतःलाही वाटायचं, आपल्याला येतंच की हे सगळं.

जानेवारीतल्या एका सकाळी खेमराज गॅससमोर उभा असतानाच कोसळला. आवाज ऐकून जिजाबाई धावली. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. तिने पुढचं सगळं बिनचूक केलं. घड्याळात वेळ पाहिली, त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही अडकलंय का ते बघितलं, शेजारच्या शांताबाईला हाक मारून ऑटो मागवला. फक्त गॅस तिला बंद करता आला नाही. तीन बटनं होती. तिने एक फिरवलं तर दुसरीच शेगडी भसकन मोठी झाली. शेवटी शांताबाईने येऊन गॅस विझवला. डाळ कोळसा झाली होती.

"घबरून गेली बिचारी," शांताबाई नंतर सगळ्यांना सांगत होती. "तिले सोताच्या गॅसचं बटन समजत नव्हतं."

गोंदियाच्या दवाखान्यात बारा दिवस गेले. लकवा उजव्या अंगावरून गेला होता आणि जाताना बोलणंही घेऊन गेला होता. एकच शब्द खेमराजकडे उरला. "हौ." पाणी पाहिजे का, हौ. नको का, हौ. डॉक्टरांनी सांगितलं, गिळायला जड जाईल. मऊ द्या, पातळ नका देऊ, मीठ कमी, तिखट-तेल नाहीच. जिजाबाईने हे सगळं लिहून घेतलं. असे कागद तिने स्वतः कितीतरी घरांतून बायांना समजावून दिले होते. कुणी चुकली की ती रागवायचीसुद्धा.

लेक संघमित्रा राजेगावहून आली आणि पंधरा दिवस राहिली. तीच सैपाक करायची. आईला शेजारी उभी करून शिकवायचा तिने प्रयत्न केला, पण दोन वर्षांचा पोरगा कडेवर, तिकडे सासऱ्याचं ऑपरेशन. शेवटच्या दिवशी ती चिडलीच.

"मम्मी, तू लिवून काय घेऊन राह्यली? हात लाव ना त्याले!"

"किती मिनिटं ते तं सांग."

"मिनिटं नसते त्याचे. वास येते मंग समजते."

"कोन्ता वास?"

संघमित्राने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी ती बसने निघून गेली. मुलगा अश्विन पुण्यात नोकरीला, फोनवर विचारपूस करण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं.

जिजाबाईने चार महिन्यांची सुट्टी टाकली. सैपाकाला बाई ठेवावी असं आधी मनात आलं. पण वॉर्डात सैपाक करणारी एकच रुख्माबाई, आणि ती अर्ध्या वॉर्डाच्या घरांत जायची. उकेंच्या जिजाला कुकर लावता येत नाही ही बातमी तिच्याही आधी घरोघरी पोचली असती. डबा लावून पाहिला. त्यातली भाजी धुऊन दिली तरी खेमराजला ठसका लागायचा. मग तिने दार लोटून घेतलं आणि एकटीने सुरुवात केली.

तिला जे काम येत होतं त्याच रीतीने तिने हेही काम धरलं. डब्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून नावं लिहिली. तेल पाच मिलीच्या सिरिंजने मोजलं. मीठ चमचा सपाट करून. वहीत तारीख, वेळ, पाणी किती, शिट्ट्या किती. पहिल्या दिवशी भाताची पेज झाली, दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी घालून तो टचटचीत राहिला, कारण तांदूळ दुसऱ्या डब्यातला होता, जुना. तांदूळ जुना असला की पाणी जास्त पितो, हे तिच्या वहीत कुठेच नव्हतं. डाळ वरून शिजलेली दिसायची, आत कण. दुधीची भाजी एकदा कच्ची, एकदा करपलेली. कुणी पाहायच्या आत ती सगळं परसातल्या खड्ड्यात ओतायची, वरून माती लोटायची आणि पातेलं घासून पालथं घालायची.

ट्रेनिंगमध्ये असताना एकदा तिने औषध दोन थेंब जास्त मोजलं होतं. मोठ्या सिस्टरने सगळ्यांदेखत तिच्या बोटांवर ट्रे मारला आणि म्हणाली होती, तुझी चूक म्हणजे दुसऱ्याचा जीव. तेहतीस वर्षं तिने तो धडा सांभाळला. आता मीठ जास्त पडलं तरी तिला तसंच वाटायचं.

आणि ज्याच्यासाठी करायचं त्याला विचारावं, तर त्याचा एकच शब्द.

"मीठ बराबर हाय?"

"हौ."

"का खारट झालं?"

"हौ."

"अवो, खरं सांगा ना."

खेमराज तिच्याकडे पाहत राहायचा. डाव्या डोळ्यातून पाणी यायचं, पण ते तर लकव्यापासून तसंही येतच होतं.

मार्चच्या शेवटी एके दुपारी डाळीतला कच्चा कण त्याच्या घशात अडकला. चेहरा काळानिळा पडला. जिजाबाईने त्याला पुढे वाकवून पाठीवर मारलं, बोट घालून घास काढला. दोन मिनिटांत तो श्वास घ्यायला लागला. त्या दिवसापासून तिने गॅस पेटवणं जवळपास सोडलंच. दुधात बिस्किट कालवायचं, केळं कुस्करायचं, पाकिटातलं सत्तू. तिच्याच वजनकाट्यावर खेमराज एकसष्ट किलोंवरून चोपन्नवर आला. दुसऱ्या कुणाच्या घरी असं दिसलं असतं तर तिने त्या बाईला फाडून खाल्लं असतं.

मे महिना लागला आणि शांताबाई दारात आली.

शांताबाई वॉर्डातली सगळ्यात जुनी, विहाराच्या कामात पुढे. बसल्या बसल्या म्हणाली, "जिजा, यंदा खीर कशी करतं मंग? तुयी अडचन समजते मले. पन लोक विचारून राह्यले."

"यंदा नाई जमनार मावशी. ह्यायले सोडून कशी करू?"

"अव, घरीच कर ना. प्रियंकाले पाठवतो तुया मदतीले. तू फक्त सांगजो, हात ते लावन. तेवढंच शिकन बी."

नाही म्हणायला जिजाबाईकडे दुसरं कारण उरलं नाही.

प्रियंका ही शांताबाईची सून. बत्तीस-तेहतीस वर्षांची, कमी बोलणारी. पौर्णिमेच्या सकाळी ती दुधाची कॅन घेऊन आली. जिजाबाई तिला म्हणाली, तांदूळ भिजवून, निथळून, थोडे भरडून घ्यायचे, साखर शेवटी. तोंडपाठ होतं. प्रियंकाने मान हलवली आणि वेलच्या सोलायला बसली. जिजाबाईने मोठा गंज ठेवला, दूध ओतलं, आणि बटन पूर्ण फिरवून आच मोठी केली.

प्रियंकाने वर पाहिलं. तिची नजर डब्यांवरच्या चिकटपट्ट्यांवरून फिरली, तेलाच्या बाटलीशेजारच्या सिरिंजवर थांबली, मग उघड्या वहीवर. तेवढ्यात खालून दूध लागल्याचा वास आला. जिजाबाई ढवळायचा सराटा घेऊन गंजाशी उभी होती, आणि तिला तो वास आला नव्हता. किंवा आला होता, पण तो कशाचा ते कळलं नव्हतं.

प्रियंकाने उठून गॅस बंद केला.

"मावशी, तुमी कधी खीर केलीच नाई ना?"

जिजाबाईने सराटा गंजावर आडवा ठेवला. मग मान नाही अशी हलवली.

"काहीच नाई करत?"

"हे करत होते," बाहेरच्या खाटेकडे बोट दाखवून ती म्हणाली. "पयल्यापासून."

प्रियंका हसेल असं तिला वाटलं होतं. ती हसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

"सात वर्ष झाले," ती म्हणाली. "मी बाजारात त्या एजन्सीत कम्प्युटरवर होती, आठवते तुमाले? आठ महिने केली नोकरी. सासूबाई रोज म्हने, जिजा पहाटे उठून सैपाक करून परसवाड्याले जाते, तुले इथं बाजारात जाचं तं होत नाई. मी तुमच्या खिडकीकडे पाहो. चार वाजता लाईट लागे. मी साडेतीनले उठो. म्हनो, हे बाई करू शकते तं मी काहून नाई? मंग मी चक्कर येऊन पडली, नोकरी सुटली. तुमीच रक्त पाह्यलं माहं. आठवते?"

जिजाबाईला आठवत होतं. रक्त कमी निघालं होतं. तिनेच लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि म्हणाली होती, शरीराकडे लक्ष दे बेटा, जागरण करत जाऊ नको.

"त्या टायमाले तुमी एक डाव म्हटलं असतं मावशी. मले एकटीलेच."

प्रियंका उठली. लागलेलं दूध तिने बाजूला काढलं, घरून दुसरं दूध आणलं आणि खीर केली. जिजाबाई तिच्या मागे उभी राहून पाहत राहिली.

विहारात वंदना झाली, खीर वाटली गेली. बायका नेहमीसारख्या म्हणाल्या, वा, नवऱ्याचं एवढं करूनही जिजाच्या हाताची चव काही गेली नाही. शांताबाईने वाटी चाटूनपुसून संपवली आणि पंगतीत वाढणाऱ्या सुनेकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाह्य. शीक काही. घरात मानूस खाटेवर पडला हाय तरी खीर कशी झाली!"

प्रियंका खाली मान घालून पुढच्या माणसाला वाढत राहिली. तिने जिजाबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित जिजाबाई गप्प बसली असती.

"खीर प्रियंकानं केली," ती उभी राहून म्हणाली. "मले नाई येत. मले काहीच नाई येत. याच्या आंधीची बी माही नव्हती, ह्यायची होती. लग्नापासून सगळं ह्यायनंच केलं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. शांताबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. "म्हंजे तू आमाले येवढे वर्ष..." एवढंच ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

जिजाबाई घरी आली ती थेट खाटेपाशी बसली. "म्या सांगून देल्लं," ती म्हणाली. "सगळ्यायले. तुमाले न विचारता. रागावले का?"

"हौ," खेमराज म्हणाला.

त्याचा अर्थ काय, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. पण दोन दिवसांनी मिलमधला जुना जोडीदार पुनाराम भेटायला आला. माणूस वाईट नव्हता, हसत हसतच म्हणाला, "का गा खेमराज, तूच होय का तो आचारी? आमाले कधी खाऊ नाई घातलं लेका!" खेमराजने मान भिंतीकडे वळवली. पुनाराम जाईपर्यंत ती त्याने परत वळवली नाही. त्या दिवशी तो काही खायला तयार नव्हता, दुसऱ्या दिवशीही नाही. चमचा ओठाला लावला की तो ओठ मिटून घ्यायचा. सगळ्या आयुष्यात त्याने एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही त्याची जीभ गेल्यावर तिने मोडली. दुसरीकडे प्रियंकाची सात वर्षं. यातलं कुठलं पारडं जड, हे तिला ठरवता येईना. ठरवून उपयोगही नव्हता. माणूस उपाशी होता.

तिसऱ्या दिवशी ती शांताबाईच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. प्रियंका कपडे वाळत घालत होती.

"मले शिकवशीन का?" जिजाबाई म्हणाली. "माफी मांगून तुये वर्ष वापस येत नाई, मले समजते. पन हे खात नाई हाय."

प्रियंकाने हातातला कपडा झटकला, तारेवर टाकला, चिमटा लावला. "दुपारी दोन ते तीन," ती म्हणाली. "सासूबाई झोपते तेवा. आनी ते वही नाई पाह्यजे."

पहिल्या दिवशी तिने नुसती डाळ लावायला सांगितली आणि स्वतः दारात बसून राहिली. सांगितलं काहीच नाही. डाळ बेचव झाली, पाणचट. जिजाबाई गंज उचलून परसाकडे निघाली.

"कुठी?"

"फेकतो."

"फेकाचं नाई. बसा. खा."

"हे?"

"फेकून देल्लं तं काय बिघडलं ते कसं समजन? आतापावतर किती फेकलं?"

जिजाबाईने खड्ड्याकडे पाहिलं. तिथली माती दोन महिन्यांत चांगली फुगली होती.

ती बसली. एक घास खाल्ला. "मीठ कमी."

"अजून?"

"समजत नाई."

"अजून एक घास घ्या मंग."

चार घासांनंतर तिला कळलं, की हळद कच्ची लागते आहे. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा तिने एखादी चव शोधून काढली होती. प्रियंका म्हणाली, "आता ते परत गॅसवर ठेवा. अजून शिजवा. मरत नाई ते."

"आमच्या कामात असं नसते," जिजाबाई म्हणाली. "सुई टोचली की टोचली. वापस काढता येत नाई."

"हे सुई नोहे, मावशी."

असं ते चाललं. प्रियंका गोड बोलायची नाही. कधी कधी दोन वाजता यायचीच नाही, आणि का आली नाही ते सांगायची नाही. जिजाबाई रोज आपलं बिघडलेलं स्वतः खायची आणि खाताना मनात उलटं जायची, कुठून बिघडलं. खेमराजसाठी मऊ भात, त्यात घोटलेली डाळ, हे तिला दहा-बारा दिवसांनी जमायला लागलं. तिने सैपाकघराचं दार सताड उघडलं आणि त्याची खुर्ची उंबऱ्यापाशी आणून ठेवली. तो सुरुवातीला त्या बाजूला बघायचा नाही. एके दिवशी ती कांदा परतत असताना त्याचा डावा हात वर झाला आणि हळूच खाली आला.

"कमी करू?"

"हौ."

तिने आच कमी केली. हात पुन्हा खाली आला. अजून कमी. मग हात मांडीवर स्थिर झाला. त्याच्या तोंडाला काही विचारण्यात अर्थ नाही, हात विचारायचा, हे तिला इतक्या महिन्यांनी उमगलं. त्या दिवशी त्याने अर्धी वाटी खाल्ली. पण रोज तसं व्हायचं नाही. काही दिवस हात मांडीवरच पडून राहायचा आणि तो अंगणातल्या कपड्यांच्या दोरीकडे बघत बसायचा. पुनारामचा आवाज रस्त्यात आला की खुर्ची आत घ्यावी लागायची.

जूनमध्ये सुट्टी संपली. जिजाबाईने हात जोडून शहराच्या जवळ बदली मागितली. ती अजून झालेली नाही. सकाळी चारला उठून ती खेमराजचं करते, मग बस धरते, दुपारी शेजारचा एक म्हातारा त्याच्यापाशी बसतो. वजन छप्पन्नवर आलंय, त्याच्या वर सरकत नाही. विहारात गेली तर बायका बोलतात, पण वेगळ्या सुरात. शांताबाई अजून बोलत नाही. एकदा जिजाबाईने रस्त्यात तिला थांबवलं आणि म्हटलं, "मावशी, प्रियंकाले नोकरी करू द्या. माहं पाहून तिले बोलले तुमी, ते खोटं होतं."

"तुया घरी मानूस सैपाक करे," शांताबाई म्हणाली. "माया घरी कोन करन? माहा पोरगा?" आणि पुढे निघून गेली.

ऑगस्टच्या एका रविवारी प्रियंका दोन वाजता आली, पण दारातच उभी राहिली. जिजाबाई दोडक्याची भाजी करत होती. एक दोडकं कडू निघालं होतं आणि ते कापायच्या आधी चाखायचं राहून गेलं होतं.

"मले सोमवारी बोलावलं हाय," प्रियंका म्हणाली. "धानाच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात. कम्प्युटरचंच काम. साडेनऊ ते सहा."

"घरी सांगितलं?"

"सांगितलं. सासूबाईनं ताट बाजूले सरकवलं. हे म्हनाले, पाहू." ती चौकटीला टेकली. "सकाळी पाच जनायचा सैपाक करून जा लागन. मांगच्या डाव तेच झालं होतं."

जिजाबाईने गॅस बंद केला. म्हणावं तर खूप काही मनात होतं. पण पाच माणसांची भाजी आपल्याला येत नाही, पोळ्या अजून नकाशासारख्या होतात, वरण कधी जमतं कधी नाही, हे तिला आता नीट माहीत होतं. उगाच मोठं बोलायची तिची हिंमत राहिली नव्हती.

"भात मी करून देईन," ती म्हणाली. "सकाळी सातले. रोज. तेवढंच मले पक्कं येते."

सासू तो भात ताटात घेईल का, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

"आमच्या घरी मोकळा लागते," प्रियंका म्हणाली. "काकांसारखा मऊ नाई."

"पानी किती कमी करू?"

"ते मले नका विचारू. करून पाहा," प्रियंका म्हणाली, आणि आत येऊन कडू भाजीचा एक घास तिने स्वतःच्या तोंडात टाकला.